कुणीच न दाबलेली लिंक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. देवासमोरसुद्धा नाही — तिथे हात जोडले की मी मुद्दाम दुसरंच काहीतरी बोलते.

खोटा मेल मला लांबूनच ओळखू येतो. सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. काहीही हातात आलं की आधी पत्ता बघायचा, ही सवय. नाव बँकेचं, पत्ता भलत्याच अक्षरांचा, माझ्या नावाऐवजी ‘प्रिय ग्राहक’, आणि घाई — आजच्या आज करा, नाहीतर खातं बंद. बँकेला आपल्या कामाची एवढी घाई कधी पाहिलीय तुम्ही?

तरी दर रविवारी मी मुंबईला मुलाला फोन करायचे. अरे, असा असा मेल आलाय, उघडू का? मग तो समजावत बसायचा — लिंक दाबू नको, ओटीपी देऊ नको, शंका आली तर पासबुकावरच्या नंबरवर विचार. मला सगळं पाठ होतं. पण तेवढा वेळ तो माझ्याशी बोलायचा. एरवी ‘बरी आहेस ना?’, ‘बरी आहे’ — झालं, संपलं. हे गेल्यापासून घर खायला उठायचं. कुणाला सांगणार?

नाही म्हणायला शेजारची सुमन होती. नवरा बोटीवर, म्हणून ती दुपारी माझ्याकडे यायची. आम्ही चहा घ्यायचो, मी तिला कॉम्प्युटर शिकवायचे. खोटा मेल कसा ओळखायचा, तेही मीच तिच्याकडून घोटून घेतलं होतं.

यंदा शिमग्याला जमणार नाही, असं मुलाने कळवलं. देवाची पालखी घरी येणार, आणि दारात मी एकटी? त्याच दिवशी मेल आला — तुमची आंब्याची पेटी अडकली आहे, सोडवण्यासाठी इथे दाबा. मी पेटी पाठवलीच नव्हती! हसून पुसून टाकायचा, तर — मी मुलाला फोन केला. लिंक दाबली गेली, खात्याचा नंबरही भरला गेला, असं सांगितलं. रडवेल्या आवाजात.

दुसऱ्या दिवशी तो दारात हजर. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पण कॉम्प्युटरसमोर बसून त्याने कपाळाला हात लावला. “आई, इतक्यांदा सांगूनही?” आवाजात राग नव्हता, कीव होती. ती मला सोसवली नाही. तोंडून निघून गेलं — मी नाही रे, सुमनने दाबलं.

निघून गेलं म्हणजे काय? नाही — मी बोलले.

दुपारी ती आली, तेव्हा तो तिला उंबऱ्यातच नको ते बोलला. “काकी, तुमी तरी सांगा ओ ह्याला,” ती म्हणाली, “मी हात पन नाय लावला.” मी चहात साखर ढवळत राहिले. ती थोडा वेळ थांबली, मग गेली.

पालखी आली, नाचली. पैसे गेले नाहीत म्हणून मुलाने देवाचे आभार मानले. जाताना माझे मेल त्याने स्वतःच्या फोनवर वळवून घेतले — आता तुला कसली काळजी नाही, म्हणाला. त्यामुळे रविवारी विचारायलाही काही उरलं नाही.

सुमन परत आली नाही. वाडीत मात्र बोभाटा झाला. आमच्या बचतगटाचे फोनवरचे व्यवहार ती बघायची, अगदी चोख. पुढच्या बैठकीत बायकांनी ते काम तिच्याकडून काढून घेतलं. ती भांडली नाही. गटाचा फोन तिने चटईवर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. एक वाक्य पुरलं असतं — मी ते बोलले का?

“काकींना यातलं कळतं, त्यांच्याकडे द्या,” कुणीतरी म्हणालं.

सुमनच्या समोरून मी तो फोन उचलून घेतला.