ट्रंककॉलचा फलक

परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी ऑपरेटर होते. कानाला हेडफोन लावला की दुपार पातळ होत जायची. मनमाड, जालना, नांदेड ही गावं माझ्यासाठी नकाशावर नव्हतीच, ती आवाजात होती. औरंगाबादच्या ऑपरेटरबाईला मी कधी पाहिलं नाही, पण तिला सर्दी झालेली मला तिच्या घरच्यांआधी कळायची.

लोक परगावी ट्रंककॉल लावायला यायचे आणि खिडकीशी सगळी रामकहाणी सांगायचे. नंबर मात्र घरी विसरलेला असायचा. वैतागून साहेबांनी मला एक फलक लिहायला सांगितला. मला असली कामं मनापासून आवडतात. सगळ्यात वर लिहिलं, आम्हाला काय काय समजतं: गाव, नंबर, माणसाचं नाव. त्याखाली, कुठल्या कॉलसाठी त्यातलं काय सांगायचं. साध्या कॉलला गाव आणि नंबर पुरे. ठरावीक माणसालाच बोलवायचं असेल, म्हणजे पी.पी. कॉल असेल, तर नावही हवं. मग मिळू शकणारी उत्तरं: लागला, एंगेज, कुणी उचलत नाही, माणूस हजर नाही. त्यानंतर कॉल कसा जाईल, ऑर्डिनरी की अर्जंट. आणि यायचं कुठं, ती खिडकी अगदी शेवटच्या ओळीत. गंगाखेडच्या ऑफिसानं तोच फलक उतरवून घेतला, फक्त शेवटची ओळ बदलली. तेव्हा मी आठवडाभर हवेत होते! माझी भाची आता कॉम्प्युटरमध्ये आहे. ती सांगते, एक यंत्र दुसऱ्याकडं काम मागतं तेव्हा आधी असाच कागद वाचतं, जवळपास ह्याच क्रमानं. मला त्याचं मुळीच नवल वाटलं नाही.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाचे दिवस होते. धाकटा भाऊ औरंगाबादला होस्टेलवर राहून शिकत होता आणि मोर्च्यांत पुढं असायचा. तिकडं धरपकड झाल्याचं कानावर आलं आणि एका दुपारी आई आमच्या गावाहून, झरीहून, थेट माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली.

"तू हितं बसून समद्या मुलखासंगं बोलायलीस. त्याला इचार की, जेवला का म्हनून."

"माय, असं न्हाई इचारता येत. पी.पी. कॉल लावते, तूच बोल त्याच्याशी."

आईला वाचता येत नव्हतं, तरी ती फलकाकडंच बघत राहिली. बऱ्याच वेळानं औरंगाबादची बाई नेहमीच्या सुरात म्हणाली, "परभणी, पी.पी. हजर नाही."

माझ्याच वळणदार अक्षरातलं शेवटचं उत्तर. ते इतकं भयंकर असेल असं लिहिताना वाटलं नव्हतं. नियमानं तिनं इथं लाइन सोडायची.

"ताई, माझा भाऊ आहे हो तो," मी कशीबशी बोलले.

लाइन सुटली नाही. दूरवर, विहिरीतून यावा तसा तिचा आवाज आला. ती होस्टेलच्या माणसाला खडसावत होती, "हजर नाही म्हणजे गेला कुठं? आज दिसला का? जेवला का?" आईचा प्रश्न मी तिला सांगितलाच नव्हता.

"आत्ताच मेसमध्ये जेवून बाहेर पडलाय म्हणतात," ती मला म्हणाली. "संध्याकाळी येईल. काळजी करू नका."

मी आईला सांगितलं. ती बाकावर बसली, सोबतचं फडकं सोडलं आणि त्यातली कडक झालेली भाकरी सगळ्यांसमोर भराभरा खाऊ लागली. कालपासून तिच्या पोटात अन्न गेलं नव्हतं.