भिंतीला दिलेली गाडी

आमच्या माळावरच्या केंद्रात मोटारसायकली मुद्दाम आपटतात. स्वाराचं नेमकं काय मोडतं, ते बघायला. गाडीवर बसतो तो माणसाएवढा पुतळा, पोटात मोजमापाच्या वायरी. आम्ही त्याला ‘पावणं’ म्हणतो, कारण येतो थाटात आणि जातो उचलून. त्याला पँट-शर्ट चढवून गाडीवर बसवणं, ही माझी नोकरी.

एकदा आपटायला जुनी गाडी आली. पावण्याला काखेत धरून मी तिच्याजवळ गेलो, तर हँडलला काळ्या लोकरीचा दोरा. आमच्याच मेंढीची लोकर, मीच मारलेली गाठ. गाडी माझी होती.

म्हणजे आण्याच्या पठारावर राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याला मी दिलेली. आमच्यात मेंढरू कुणाला पाळायला दिलं, की हातावर भंडारा ठेवून शब्द घेतात : सुरीला द्यायचं नाही. गाडी देताना मी तोच शब्द घेतला होता. भंडारा कपाळाला लावून तो म्हणाला होता, “दाजी, मरेपर्यंत सांभाळतो.” कोण मरेपर्यंत, ते विचारायचं राहिलं.

साहेबांना म्हटलं, हिला राहू द्या. “कॅमेरे लागलेत,” ते म्हणाले. मग मीच पावण्याचे हात तिच्या हँडलवर बसवले.

गाडी भिंतीवर आदळली. पावणं पुढं घसरलं ते थेट टाकीवर. “कंबरडं गेलं,” साहेब पडद्यावर बघत म्हणाले, “टाकीनं.” जिला मी दर दसऱ्याला झेंडूचा हार घातला, ती इतकी वर्षं माझ्या मांड्यांमध्ये दबा धरून बसली होती तर.

मी मेव्हण्याला फोन लावला. “गाडी कशी आहे?”

“लई झ्याक. कालच धुतली.”

“मी तिच्याजवळच उभा आहे. केंद्रात.”

तो म्हणाला, “दाजी, तुमी सुरीला देऊ नको म्हणलावता. सुरीला न्हाई दिली. भिंतीला दिली.”

मला हसू फुटलं, आणि त्या हसण्याचाच जास्त राग आला.

दोरा तेवढा सोडवून घरी आणला. आता मेव्हणा आला की मी त्याला भाऊ म्हणत नाही. “या, पावणं,” म्हणतो, खांद्याला धरून सोफ्यावर ताठ बसवतो, हात नीट गुडघ्यांवर ठेवतो. बायकोला वाटतं, माहेरच्या माणसाचा केवढा हा मान.