श्रीपतकाकांची गाठ

आमचे श्रीपतकाका देवळात जाताना चपला पिशवीत घालून आत नेतात. नारळ पुजाऱ्याच्या हातात देण्याआधी त्यावर नखाने खूण करतात, परत आलेली वाटी आपल्याच नारळाची आहे हे कळावं म्हणून. महाडला एका कारखान्यात ते फायबरच्या टाक्या बनवायचे. तिथे एकदा त्यांचा नवा ग्राइंडर चोरीला गेला, तेव्हापासून हे ताकही फुंकून पिणं सुरू झालं. उमरठच्या आमच्या वाडीत कोणाची कोंबडी दिसेनाशी झाली की काका लगेच एखाद्याचं नाव घेतात, आणि संध्याकाळी कोंबडी आपल्या पायाने घरी येते. मी त्यांची पुतणी सारिका, पोलादपूरला शाळेत शिकवते. हे सगळं मी हसण्यावारी न्यायचे.

गेल्या पौषात महाडचे सुहास टेम्पो घेऊन वाडीत आले. ते कोर्टात कारकून आहेत. त्यांच्या वडिलांनी तरुणपणी हौसेने एक बग्गी बांधली होती. बिनछपराची, जाड चाकांची, समुद्राच्या वाळूत पळवायची गाडी. वडील गेले, आणि एकवीसच्या पुरात सावित्रीचं पाणी घरात शिरलं तेव्हा ती चिखलात बुडून राहिली. खालचा लोखंडी सांगाडा आणि इंजिन महाडच्या गॅरेजात दुरुस्तीला होतं. वरचं फायबरचं कवच, मोठ्या घंगाळासारखं उघडं आणि जागोजागी तडकलेलं, काकांकडे आलं. दुरुस्तीनंतरही ते इथेच डोंगरावर ठेवायचं, पुराची धास्ती नको, आणि अक्षय्य तृतीयेला सांगाडा वर आणून त्यावर बसवायचं, असं ठरलं. आठ भोकं, आठ बोल्ट. बाबांच्या हातची एवढी एकच वस्तू उरली आहे, असं सुहास म्हणाले. काकांनी शब्द दिला की बोटाचाही फरक पडणार नाही. कारखाना सुटल्यापासून कोणी त्यांच्यावर एवढा भरवसा टाकला नव्हता.

काम मात्र बघत राहावं असं. काकांनी प्रत्येक तडा घासून रुंद केला, आतून फायबरच्या धाग्यांची मॅट लावली, तिला रेझिन, म्हणजे सुकून कडक होणारी राळ, पाजली, बुडबुडे रोलरने दाबून काढले. वास आठ दिवस वाडीभर होता. कवचाच्या दोन्ही कडांमध्ये नेमकी बसेल अशी बांबूची एक काठी त्यांनी मापासाठी कापून ठेवली. मग पेंढ्याच्या गोण्यांवर कवच ठेवून वर ताडपत्री घातली आणि नायलॉनच्या दोरीने सगळं खालून-वरून आवळलं. ट्रकवर टाक्या बांधायची त्यांची एक खास गाठ आहे. ती आपल्याबिगर वाडीत कोणाला येत नाही, हे त्यांनी मला कमीत कमी वीस वेळा सांगितलं असेल.

कवच ठेवलं ते गोठ्यात. गोठा काकांचा आणि त्यांचे चुलत भाऊ रामजीकाका यांचा सामाईक. बैल विकल्यापासून खालची जागा रिकामी होती, वर माळ्यावर रामजीकाकांच्या गाईचा पेंढा. ते रोज सकाळी पेंढा काढायला आत जायचे. एकदा त्यांनी सहज विचारलं, याचं वजन किती असेल. झालं. वजन कशाला हवंय, उचलून न्यायचं असल्याशिवाय कोण वजन विचारतो, असं काका रात्रीच्या जेवणात तीनदा म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताडपत्रीवर पेंढ्याच्या चार काड्या सापडल्या. काकांनी दोरी आणखी आवळली.

माघात त्यांनी ताडपत्रीची कड उचलून काठी घालून पाहिली. काठी जाईना. कोणीतरी यावर बसतंय, काका म्हणाले, आणि पायाने रेटा देऊन दोरी ओढली. फाल्गुनात काठी अजूनच अडली. विडीचा वासही येतोय, असं त्यांचं म्हणणं. काकी म्हणजे तुळसाकाकी वैतागून म्हणाली की विडी तर वाडीतले सगळेच ओढतात. पण खोटं कशाला बोलू, त्या दिवशी काठी माझ्या हातात होती आणि मलाही रामजीकाकांचा संशय आला. गोठ्यात दुसरं जातंच कोण? वाटेत भेटले तेव्हा मी त्यांच्याकडे बघून न बघितल्यासारखं केलं. त्यांनीही मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, काका पुटपुटले.

शिमगा झाला आणि काकांनी गोठ्याला दुसरं कुलूप लावलं. माळ्यावरचा पेंढा खाली काढून रामजीकाकांच्या दारात टाकला. चार माणसांसमोर बोलले, "माझ्या वस्तूला हात लावायचा नाय." रामजीकाकांनी पेंढा आवरून आपल्या पडवीत रचला. चैत्रात अवकाळी पाऊस झाला, त्यात निम्मा कुजला.

अक्षय्य तृतीयेला सुहास सांगाडा घेऊन आले. सगळी वाडी जमली. काकांनी दोरी सोडली, ताडपत्री काढली, सहा जणांनी कवच उचलून सांगाड्यावर ठेवलं. मागची चार भोकं जुळली. पुढची चार दोन-दोन बोटं आत. सुहासनी एकदा काकांकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. काकांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. त्यांनी गर्दीत मागे उभ्या असलेल्या रामजीकाकांकडे बोट केलं आणि ह्यानेच बसून बसून वाकवलं, असं ठणकावून सांगितलं.

रामजीकाका पुढे आले. कवचाच्या दोन्ही कडांवर एक खोल वळ उठला होता. त्यांनी जमिनीवरची दोरी उचलून त्या वळात ठेवली. दोरी तंतोतंत बसली. तिच्या टोकाला काकांची गाठ अजून तशीच होती.

"दादा, ही गाठ कुणाची हाय?"

ती गाठ टाक्या बांधायची. टाकी चारी बाजूंनी बंद असते, कितीही आवळा, तिचं काही होत नाही. हे कवच वरून उघडं. आतलं रेझिन अजून ताजं, वर गोठ्याच्या पत्र्याखालचा उन्हाळा. जितक्यांदा संशय आला तितक्यांदा काकांनी स्वतःच ते चिमटवलं होतं. माझी मान खाली गेली.

सुहासनी पंधरा दिवस दिले. कवच अंगणात उन्हात ठेवलं, कडांमध्ये जाड बांबू ठोकून हळूहळू फाकवलं, वर गरम पाण्याची पोती घातली. बांबू हवे तर बेट रामजीकाकांचंच. मागायला काका गेले, मला पाठवलं नाही. रामजीकाकांनी बांबू तोडून दिले. आमच्या अंगणात मात्र आले नाहीत.

पंधराव्या दिवशी पुन्हा सगळे जमले. उचलायला पाच जण होते, सहावा हवा होता. रामजीकाका बांधावर उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. काका त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले.

"रामजी, हात लाव."

रामजीकाकांनी आधी आम्हा सगळ्यांकडे एकवार पाहिलं.

"दादा सांगतोय म्हणून लावतोय. समद्यांनी ऐकलंत ना?"

मग त्यांनी पाठीमागचे हात पुढे आणले. आठही बोल्ट बसले. सुहासनी काकांना वाकून नमस्कार केला, पण काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.