पहिली आली म्हणून आठवी

माझी मुलगी पहिली आली आणि तिला आठवी उभी केली. एवढ्या एका कारणावरून मी त्या रविवारी रेसट्रॅकच्या ऑफिसात लेखी अर्ज दिला आणि जन्मभर पुरेल एवढी शोभा करून घेतली.

ट्रॅक आम्ही राहतो त्या ॲन आर्बरपासून तासाभरावर, मक्याच्या शेतांच्या मधोमध होता. होता म्हणते, कारण आता नाही. पाव मैलाचा अंडाकृती डांबरी रस्ता, एका बाजूला लाकडी बाकं, दुसऱ्या बाजूला तळलेल्या कांद्याचा ठेला. जागा कुणा गोदामवाल्यांनी विकत घेतली होती आणि ऑक्टोबरमधला तो रविवार शेवटचा होता. माझी मुलगी तिथे तीन वर्षं स्टॉक कार चालवत होती. स्टॉक कार म्हणजे दिसायला रस्त्यावरची साधी गाडी, आतून मात्र सगळं उपसून लोखंडी पाइपांचा पिंजरा बसवलेला. आमची निळी होती आणि तिच्या दारावर भला मोठा दात रंगवलेला होता, कारण रंगकाम ओळखीच्या एका डेंटिस्ट काकांनी करून दिलं होतं.

इंजिनिअर पोरगी, बरी नोकरी, आणि शनिवार-रविवार कोपरापर्यंत ग्रीस. इथल्या मराठी मंडळातल्या बायका विचारायच्या, ‘मुलगी काय करते?’ मी सांगायचे, ‘ऑटोमोटिव्हमध्ये आहे.’ खोटं काही नव्हतं.

नवरा टीव्हीवर मोठ्या रेसेस बघतो, म्हणजे बघता बघता घोरतो. त्याला मी दोष देत नाही. हल्ली तिथे सगळ्यांच्या गाड्या एकाच साच्यातल्या, सुटे भाग ठरलेल्या ठिकाणांहूनच घ्यायचे. का, तर चुरस वाढावी. वाढली कसली! लहान ट्रॅकवर आता कुणाला कुणाच्या पुढेच जाता येत नाही. पुढच्याला मोकळी हवा, मागच्याला त्याने ढवळून ठेवलेली. जवळ गेलं की वळणावर गाडी पकडच सोडते. मग सगळा जीव आदल्या दिवशी एकेकट्याची वेळ मोजून रांग ठरवतात त्या फेरीत, नाहीतर टायर बदलण्यात. जो पुढे उभा राहिला तो पुढेच राहिला. नवरा कळवळून म्हणतो, ‘पूर्वी असं नव्हतं गं.’ जणू पूर्वी हा सोलापुरात बसून रेसच बघत होता.

मला मात्र त्या ‘पुढचा पुढेच’मध्ये काही वावगं दिसत नव्हतं. मी बोर्डात आलेली बाई आहे. बारावीत अर्ध्या मार्कासाठी मी पेपर रीचेकिंगला टाकला होता आणि तो अर्धा मार्क मिळवला होता. पहिल्याचा मान पहिल्याला, यात चर्चा कसली करायची?

तर त्या दुपारी आधी प्रत्येकाने एकट्याने दोन फेऱ्या मारायच्या होत्या. सोळा गाड्यांत सगळ्यात कमी वेळ आमच्या दाताला लागला. मी ताबडतोब घरच्या ग्रुपवर टाकलं, ‘पहिली आली!!!’ सोलापुरातून आईचे हात जोडलेले आले, भावाचे फटाके आले. मग मुख्य शर्यतीची रांग फळ्यावर लागली. पोरगी आठवी! आणि ज्याची वेळ खरोखर आठवी होती, ज्याचा बंपर चिकटपट्टीने धरून ठेवला होता, तो सगळ्यांच्या पुढे.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘अगं, काहीतरी रूल असेल,’ नवरा म्हणाला.

‘तू चिवडा खा,’ मी म्हटलं.

माझ्या पर्समध्ये पेन कायम असतं. कार्यक्रमपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूला मी इंग्रजीत रीतसर अर्ज लिहिला. प्रति, विषय, महोदय. गुणवत्तेवर झालेला अन्याय, त्वरित दुरुस्तीची विनंती, आपली विश्वासू. तारीख, सही, सहीखाली रेघ. माझ्या मते अर्ज उत्तम जमला होता.

ट्रॅकचा सगळा कारभार सत्तरीच्या एका बाईंकडे होता. पत्र्याच्या केबिनमध्ये बसून त्याच नियम सांगत आणि माइकवरून त्याच शर्यतीचं वर्णन करत. त्यांनी चष्मा लावून माझा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. इतक्या आदराने माझं काही ऑफिसातही कुणी वाचलेलं नाही.

‘हनी,’ त्या म्हणाल्या, ‘पहिले आठ आम्ही उलटे उभे करतो. सगळ्यात फास्ट तो आठवा. कायमची पद्धत आहे.’

‘पण का?’

‘फास्ट आहे ना ती? मग येईल की पुढे.’

मी आवाज चढवला. माझी मुलगी, तिची मेहनत, गॅरेजमधले तिचे वीकेंड. बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, ‘आज शेवटचा दिवस. आता कसले नियम सांभाळायचे? तिला हवं असेल तर करते तिला पहिली उभी. विचारू या तिलाच.’ आणि त्यांनी माइक उचलून माझा अर्ज अख्ख्या ट्रॅकला वाचून दाखवला. ‘विषय’पासून ‘आपली विश्वासू’पर्यंत! बाकांवरून टाळ्या पडल्या, शिट्ट्या आल्या, कुणीतरी हॉर्न वाजवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मग त्यांनी दातवाल्या ड्रायव्हरला केबिनपाशी बोलावलं.

मुलगी हेल्मेट काखेत मारून आली. बाईंना म्हणाली, ‘एट्थ इज फाइन.’ मग माझा दंड धरून मला केबिनच्या मागे नेलं. एरवी ती माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते. त्या दिवशी मराठीत बोलली, तेव्हाच मला धडकी भरली.

‘आई, तू मला कळूच देत नाहीस.’

‘काय कळू देत नाही?’

‘मी खरंच फास्ट आहे का ते. थर्ड इयरची इंटर्नशिप आठवते? तू काकूंना फोन केला होतास. मला माहितेय.’

केला होता. ती काकू म्हणजे माझी कॉलेजातली मैत्रीण, आणि निवड तिच्याच हातात होती. एवढं तर सगळेच करतात, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं होतं. पोरीला पत्ता नाही, असंही सांगितलं होतं.

‘देन त्याच्यावरूनच जॉब मिळाला,’ ती म्हणाली. ‘मी गुड आहे म्हणून, की तुझी मुलगी म्हणून? आय डोन्ट नो. इथे तुला कोणी ओळखत नाही ना, म्हणून मी इथे येते. आज लास्ट डे आहे, आई. प्लीज, मला मागून जाऊ दे.’

मी मान हलवली. दुसरं काय करणार? बाकावर येऊन बसले. नवऱ्याने न विचारता चिवड्याचा डबा पुढे केला. मी तो मांडीवर घेतला आणि झाकण उघडलंच नाही.

पन्नास फेऱ्या होत्या. पहिल्या दहात ती आठवीच राहिली आणि मला रडू यायला लागलं. मग तिने एकाला वळणावर बाहेरच्या बाजूने गाठून मागे टाकलं, त्याच्या पुढच्याला आतून. पत्र्याला पत्रा घासला, दाताचा एक कोपरा गेला. चिकटपट्टीवाल्याला तिने दाराला दार भिडवून चार फेऱ्या लढून मागे टाकलं आणि तोही काही सोडणारा नव्हता, पुढच्याच फेरीत परत पुढे आला. हे सगळं टीव्हीवर मी कधी बघितलंच नव्हतं. सवयीने गणपतीला साकडं घालायला हात जोडले, मग सोडून दिले. म्हटलं, हाही फोनच झाला.

शेवटच्या फेरीत ती दुसरी होती. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकापर्यंत पोचली आणि तिथेच शर्यत संपल्याचा झेंडा पडला.

नवरा उघड उघड रडत होता. ग्रुपवर आई विचारत होती, ‘पहिलीच ना गं?’ मी फोन पर्समध्ये टाकला आणि खाली गेलो आम्ही. मुलगी खिडकीतून बाहेर आली, घामाने निथळत. माझ्याकडे बघत थांबली. ती कशाची वाट बघत होती ते मला कळत होतं. लहानपणापासून प्रत्येक निकालाला मी तिला माझ्या आईचाच तो प्रश्न विचारला आहे.

‘सहा जणांना मागे टाकलंस,’ मी म्हटलं. ‘मोजले मी.’

‘सेव्हन,’ ती म्हणाली. ‘एकाला दोनदा.’

आणि हसली. मग ग्रीसच्या हातांनी तिने मला मिठी मारली. माझा त्या दिवशीचा चांगला कुडता आता गाडी पुसायला वापरतात.

निघताना ट्रॅकच्या बाईंनी माझा अर्ज परत दिला. खाली लाल पेनाने शेरा होता: नामंजूर. सही, तारीख, आणि सहीखाली माझ्यासारखीच रेघ. मुलीने तो गाडीच्या आत, डोक्यावरच्या पाइपाला चिकटवून टाकला. आता ती दोन तासांवरच्या दुसऱ्या ट्रॅकवर जाते आणि तो कागद तिच्याबरोबर फिरतो. जुन्या ट्रॅकच्या जागी गोदामाच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत. आम्ही त्या रस्त्याने गेलो की नवरा उगाच गाडी हळू करतो.

ती फास्ट आहे. हे मला माहीत आहे, तिलाही आता माहीत आहे. पण मी तो फोन केला नसता, तर तिला ती इंटर्नशिप मिळाली असती का? बहुतेक मिळाली असती. बहुतेकच, कारण ती शर्यत मी होऊच दिली नाही.