मावशीचं नमुन्याचं फडकं

माझी मावशी रफू करते. पस्तीस वर्षं एकाच खिडकीपाशी, एकाच स्टुलावर. गिऱ्हाइकाच्या कपड्याला सुई लावण्याआधी ती त्या धाग्याचे चार टाके एका पांढऱ्या फडक्यावर घालते, दारात उजेडाला नेऊन कपड्याशी ताडून बघते. बाजूला गिऱ्हाइकाची खूण: वकिलांची काळी रेघ, डॉक्टरीणबाईंचा लाल ठिपका. पाच वर्षांनी तोच कोट परत आला, तरी फडकं बघून तिला नेमका दोरा सापडतो. त्यावाचून तिचं पान हलत नाही.

ते फडकं माझ्यामुळे गेलं. एक चित्रकार कोट रफू करायला आला आणि फडक्यावर लट्टू झाला. "प्रदर्शनाला महिनाभर द्या," म्हणाला. मावशी नको म्हणत होती. "दे गं, तुझं नाव होईल," मीच म्हटलं. कुठली अवदसा आठवली होती मला!

महिन्याचे सात महिने झाले. तो फोन उचलेना, तेव्हा आम्ही दोघी कलादालनात धडकलो. फडकं चौकटीत ताणलेलं, मधोमध कपाच्या तोंडाएवढं भोक जाळून पाडलेलं. खाली त्याचं नाव आणि शीर्षक: 'अनामिक हात'. अनामिक! त्याच्या कोटाच्या पावतीवर तिचं नाव होतं की.

"मावशी, ह्याला अप्रोप्रिएशन म्हणतात," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "दुसऱ्याची वस्तू घेऊन तिला नवा अर्थ द्यायचा. कलेत चालतं हे." मेल्याने माझी मावशीसुद्धा उचलली!

माझं टाळकं सरकलं. मी व्यवस्थापकाच्या खोलीत दोन तास भांडले. बाहेर आले तर मावशी चौकटीपुढे उभी, हातात सुई. भोक गायब. पहारेकऱ्याला वाटलं, तिला दालनवाल्यांनीच बोलावलंय.

"अगं, काय केलंस हे?"

"भोक दिसलं. हात गेला."

आठवड्यात चित्रकाराची नोटीस आली: कलाकृतीचं नुकसान केलंत, भोक पूर्ववत करून द्या. मी ती घेऊन काळ्या रेघेच्या वकिलांकडे गेले. ते म्हणाले, सांभाळायला दिलेली वस्तू आपली म्हणून वापरली तर कायद्यात तो अपहार. मी सरकारी हिशेब खात्यात आहे. आमच्याकडे अप्रोप्रिएशन म्हणजे विनियोग: शाळेच्या छपरासाठी मंजूर झालेला पैसा छपरालाच लावणं; साहेबाच्या गाडीकडे वळवला की चौकशी. मग ह्यालाच तेवढ्या टाळ्या का?

"लेखी काही आहे?" वकिलांनी विचारलं.

नव्हतं. शब्दावर दिलं होतं.

नोटिशीप्रमाणे भोक परत पाडून द्यायच्या दिवशी दालनात टेबल मांडलं होतं. चौकट उघडून फडकं त्यावर पसरलेलं, आणि चित्रकार कॅमेरा घेऊन हजर. मावशीने पिशवीतून कात्री काढली. आपल्या रफूभोवती गोल कापलं आणि ती चकती त्याच्यापुढे ठेवली.

"हे तुझं. जाळलंस तेवढं तुझं."

उरलेल्या फडक्याची घडी करून तिने पिशवीत टाकली. तो अडवायला पुढे आला, पण तिच्या हातात अजून कात्री होती.

बाहेर पायऱ्यांवर तिने घडी उलगडली आणि भोकाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"अकरा गिऱ्हाइकं होती गं इथे," ती म्हणाली. "कोणकोण होती, ते आठवत नाही आता."

मला परत आत जाऊन त्या माणसाचं नरडं धरावंसं वाटलं. आणि माझंही.