टेबलावर विसरलेल्या नोटा

मेपल सिरपचा वास आला की मी अमेरिकेत, प्लेनोमधल्या त्या रविवारच्या सकाळपाशी जाऊन पोचतो. बाबा पुण्याहून पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. हायवेजवळच्या डायनरमध्ये काचेतून आलेलं कोवळं ऊन त्यांच्या पॅनकेकवर सिरपासारखंच हळूहळू पसरत होतं, आणि पिकल्या केसांची वेट्रेस न मागता कॉफी भरून तरंगल्यासारखी पुढच्या टेबलाकडे जात होती. बिल देऊन गाडीत बसलो, तर बाबांनी माझ्यापुढे नोटा धरल्या. "टेबलावर विसरला होतास." मी म्हणालो, "बाबा, ती टिप होती. इथे टेक्सासमध्ये वेट्रेसला मालकानं तासाला दोन डॉलर आणि वर थोडे सेंट दिले तरी चालतं. बाकीचा पगार आपल्या टिपमधून." "आणि टिप कमी पडली तर?" "मिनिमम वेजपर्यंतचा फरक मालकानं भरून द्यायचा, असा कायदा आहे." कारखान्यात आयुष्यभर युनियनचं काम केलेले बाबा जरासे हसले. "कायदा आहे," एवढंच म्हणून ते गाडीतून उतरले. काचेपलीकडे ती आमचं रिकामं टेबल पुसत होती, आणि तरीही आम्हाला बघून तिनं हसून हात हलवला. बाबांनी आत जाऊन नोटा दोन्ही हातांनी तिच्या हातात ठेवल्या आणि सरळ मराठीत म्हणाले, "बाई, तुमचा पगार चुकून माझ्या खिशात आला." तिला काय कळलं कोण जाणे, पण तिनं त्यांचे हात बराच वेळ सोडले नाहीत. आता बाबा नाहीत. सगळं कार्डवर चालतं, तरी टिपच्या नोटा मी वेगळ्या ठेवतो आणि हातातच देतो, दोन्ही हातांनी.