मूठ म्हणजे बंद

लोक विचारतात, एकाहत्तरची लढाई कशी होती? काय सांगू, कप्पाळ! मी लढाई पाहिलीच नाही. जहाजाच्या पोटात, बॉयलरपाशी, वाफेचे वॉल्व फिरवत होतो. तिथं इतका गोंगाट, की कानाशी ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून सगळा कारभार हातांवर. मूठ दाखवली की बंद कर, बोट गोल फिरवलं की चालू कर.

त्याच लढाईत क्षेपणास्त्रांच्या छोट्या बोटी आल्या आणि आमच्या तोफांचा रुबाब गेला. पुढं वाफही गेली. गार हवेच्या खोलीत बसून पोरं बटणं दाबायला लागली. मी हातांनी बोललो की हसायची. हसा बाप्पा! कान तिथंच ठेवून मी वऱ्हाडातल्या मालेगावजवळच्या आमच्या गावी परत आलो, पार थकून.

घरी बायको ओरडून ओरडून कंटाळली आणि शेवटी माझ्या खुणाच शिकली. तिनं बोट फिरवलं की मी पाण्याची मोटर लावायची, मूठ दाखवली की बंद. "हे घर हाये का जहाज?" म्हणायची. "कानात मशीन घाला म्हनलं तं ऐकून नाई राह्यले." तेवढं मला तिच्या ओठांवरून कळायचं.

यंदा ऐन उन्हाळ्यात तिला लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. तिला किती समजतं हे डॉक्टरांनाही सांगता येईना. मी बहिरा, ती मुकी. आता आमचं कसं व्हायचं, या धास्तीनं माझी झोप उडाली.

घरी आणल्यावर पंखा लावला, तर तिची मूठ. माझ्या जिवात जीव आला. हिला समजतंय! पंखा बंद केला. खिडकी उघडली, तर पुन्हा मूठ. लावून घेतली. असे काही दिवस मी तिचा हुकूम पाळत होतो, आनंदानं.

मग वाशिमहून मुलगी आली. घामानं चिंब झालेली आई बघून माझ्या कानाशी ओरडली, "बाबा, आईले उकडून राह्यलं! पंखा काहून बंद केला?"

"तिनंच सांगतलं. मूठ पाह्य ना तिची."

"बाबा, तो हात आखडला तिचा. उघडतच नाई तो."

मी तिच्याजवळ बसून ती मूठ सोडवायला गेलो, सुटेना. ती काही बोललीच नव्हती, आणि मी तिला भट्टीत ठेवलं होतं. मला रडू आलं.

मुलगी पाणी आणायला आत गेली. मी डोळे पुसले, तर पलीकडं, भिंतीच्या बाजूला काहीतरी हललं. तिचा डावा हात. मी कायम उजवीकडं बसायचो. एक बोट लटपटत गोल फिरत होतं. कपाळाला आठी, मी मोटर लावायला उशीर केला की असायची तशी. किती दिवस ती ते बोट फिरवत होती, कोण जाणे.

मी उठून पंखा लावला.